उत्तर नको

माझा मित्र नोव्हेंबर २०२३ मध्ये गेला. वय वर्षं चाळीस. त्याने आत्महत्या केली. इतकं सरळ हे वाक्य मी आजवर फार कमी वेळा उच्चारलंय. घरच्यांनी नातेवाईकांना 'हार्टचं निमित्त झालं' असं सांगितलं, आम्ही मित्रांनीही बराच काळ 'तो गेला' एवढ्यावरच भागवलं. परवा काकूच, म्हणजे त्याची आई, म्हणाल्या की लिही तू, फक्त त्याचं नाव नको घालूस. म्हणून नाव नाही. 'तो' म्हणूनच लिहितोय.

कसा गेला तेही लिहिणार नाही. लोकांना आधी नेमकं तेच हवं असतं. 'अरेरे'च्या पाठोपाठ 'पण कसं काय?' येतंच, आणि त्यानंतर खालच्या आवाजात 'चिठ्ठी वगैरे होती का?' या दोन प्रश्नांचा मला उबग आलाय. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं इतकं आहे की तो कसा गेला ही त्यातली सगळ्यात बिनमहत्त्वाची गोष्ट आहे.

आमची ओळख २००१ सालची. पुण्यात, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. मेसमध्ये समोर येऊन बसला आणि नाव-गाव न विचारता म्हणाला, "पिन काय?" मला वाटलं एटीएमचा पिन विचारतोय. (कार्ड नवीनच हातात आलं होतं आणि 'पिन कोणाला सांगायचा नाही' असं वडिलांनी चारदा बजावलं होतं.) "गावचा पिनकोड," तो म्हणाला. मी वाईचा. ४१२८०३. हे ऐकून तो भलताच खूश झाला. "जिल्हा सातारा, पण पिन ४१५ने सुरू होत नाही. ४१२ने होतो, पुणे ग्रामीणसारखा. महाबळेश्वर, पाचगणी पण तसेच. तुला माहितीये हे?" मला माहीत नव्हतं. अठरा वर्षं त्या गावात राहून, शेकडो पाकिटांवर तो आकडा लिहून, मला ते कधी दिसलंच नव्हतं.

तो चिपळूणचा. ४१५६०५. पहिले सहा महिने तो मला '४१२८०३' अशीच हाक मारायचा. पोरांना वाटायचं टर उडवतोय. उलट होतं. ज्याचा पिन त्याला पाठ झाला तो माणूस त्याच्या जगात आला, असा हिशोब होता.

पिनकोडचं त्याचं वेड समजून घ्यायचं तर थोडं विषयांतर करायला हवं. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी, मूळचे कोकणातले आणि संस्कृतचे पंडित, कवी. सहा आकडे. पहिला आकडा विभागाचा. देशाचे असे आठ भौगोलिक विभाग आणि नववा सैन्याच्या टपालाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड चारमध्ये. पहिले तीन आकडे मिळून टपाल कुठल्या जिल्ह्याच्या छाननीला जाणार ते ठरतं, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. एकाच नावाची चार-चार गावं, दहा-बारा भाषा, पत्ते लिहायच्या शंभर तऱ्हा, आणि या सगळ्यावर उपाय म्हणून सहा आकडे. तो म्हणायचा, "संस्कृत येणाऱ्या माणसालाच हे सुचू शकतं. हे व्याकरण आहे." त्याच्या टेबलावर देवाची तसबीर नव्हती. वर्तमानपत्रातून कापलेला वेलणकरांचा फोटो होता.

त्याच्या वह्या होत्या. दोनशे पानी, लांबट, दुकानदार खातेवहीला वापरतात तशा. त्यात महाराष्ट्रातली पोस्टं, पिनप्रमाणे, आणि समोर त्याच्या टिपणी. 'इथे पोस्ट शाळेच्या पडवीत.' 'इथला पोस्टमन सायकल हातात धरून चालतो, चढ आहे.' सुट्टीत एसटीने जाऊन एकेक पोस्ट बघून यायचा. दोन-तीन वेळा मीही गेलो बरोबर. पोस्ट बघायचं, आत जाऊन एक पोस्टकार्ड घ्यायचं, तिथूनच आपल्याच पत्त्यावर टाकायचं आणि परत. आधी मला वाटलं, हे काय बघायला आलोय आपण! पण तो दाखवायला लागला की बघण्यासारखं असायचं खरं.

एकतीस वर्षांचा होईपर्यंत याला काय म्हणायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. शाळेत 'चक्रम', घरी 'हट्टी', हॉस्टेलवर 'सायंटिस्ट'. २०१४मध्ये त्याच्या बहिणीच्या मुलाची तपासणी होती. फॉर्म भरायचा म्हणजे हाच, म्हणून हा बरोबर गेला. प्रश्न वाचत गेला आणि घरी आल्यावर बहिणीला म्हणाला, "हे सगळं माझं लिहिलंय." मग स्वतःची तपासणी करून घेतली. ऑटिझम. थोडं आधी गेला असता तर कदाचित 'अस्पर्गर' असं लिहून मिळालं असतं, पण २०१३मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नव्या सूचीत तो वेगळा प्रकार काढून सगळं एकाच नावाखाली आणलं गेलं होतं.

आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी एक मोजपट्टी वापरतात, चाळीस मुद्द्यांची, प्रत्येकाला एक ते पाच गुण. तो त्यावर बेहद्द खूश होता. "कमीत कमी गुण चाळीस आहेत. शून्य नाहीच. म्हणजे सरकारच्या मते या देशात शून्य ऑटिझमवाला माणूस अस्तित्वातच नाही." हे तो विनोद म्हणून सांगायचा की निरीक्षण म्हणून, हे मला कधी कळलं नाही. हसलो की मात्र त्याला बरं वाटायचं.

त्याला राग होता तो मराठी शब्दाचा. स्वमग्न. मुळात 'ऑटिझम' हा शब्द ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्व'वरून केला, तोही स्किझोफ्रेनियाबद्दल बोलताना. १९४३मध्ये लिओ कॅनरने तो मुलांच्या या वेगळेपणासाठी घेतला, आणि आपण त्याचा भाबडा शब्दशः अनुवाद करून मोकळे झालो. "स्वतःत मग्न? मी?" तो विचारायचा. बरोबरच होतं त्याचं. मी इतका कमी स्वतःत असलेला माणूस पाहिला नाही. तो पोस्टांत मग्न होता, चढावर सायकल हातात धरणाऱ्या पोस्टमनमध्ये मग्न होता. स्वतःत मग्न तर आम्ही बाकीचे होतो, आरशासमोर भांग पाडणारे.

आणि भावना नसतात म्हणे यांना. २०११मध्ये माझे वडील गेले. वाईला घर माणसांनी भरलेलं. प्रत्येक जण येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून तीच दोन-तीन वाक्यं बोलत होता. हा पुण्याहून पहिल्या एसटीने आला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही, जवळही आला नाही. थोड्या वेळाने बघतो तर बाहेर ओट्यावर उकिडवा बसून चपला लावत होता. साठेक जोड असतील, एकमेकांवर पडलेले. त्याने सगळ्या जोड्या जुळवून, रांगेत, टाचा भिंतीकडे करून लावल्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्याला वाकायला लागू नये. मग मृत्यूच्या दाखल्याला कुठली कागदपत्रं लागतात, कुठल्या खिडकीवर जायचं, दाखल्याच्या किती प्रती काढून ठेवाव्यात, हे सगळं एका कागदावर लिहून माझ्या काकांच्या हातात दिलं. शेवटी माझ्याकडे बघून मान हलवली आणि "जातो" म्हणाला.

हे 'जातो' म्हणजे एक प्रकरणच होतं. आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. त्याला ते लहानपणापासून पटलं नाही. जाताना येतो कसं म्हणायचं? काकूंनी वर्षानुवर्षं बजावून बजावून त्याच्या तोंडी 'येतो' बसवलं, पण मग दुसरा कोणी 'येतो हं' म्हणाला की हा विचारायचा, "कधी?" आणि उत्तराची वाट बघत उभा राहायचा. माझ्यापुरतं आम्ही कॉलेजात असतानाच ठरवून टाकलं होतं की तुला हवं ते म्हण. त्यामुळे बावीस वर्षं तो मला 'जातो'च म्हणत होता. शेवटच्या भेटीतही तेच म्हणाला. हे सांगितलं की लोकांच्या अंगावर काटा येतो, बघ म्हणजे त्याला ठाऊक होतं म्हणतात. काही काटा-बिटा नको. तो नेहमी तेच म्हणायचा. माणूस असा गेला की त्याचं प्रत्येक वाक्य लोक चिमटीत धरून उजेडाकडे नेतात. मीही त्याचे वर्षभराचे सगळे मेसेज तीन-तीनदा वाचले. त्यात पोस्ट होती, पाऊस होता, आणि एका हॉटेलने मिसळीबरोबरचा पाव बदलला याबद्दलची तक्रार होती.

त्याच्या मेसेजच्या शेवटी मात्र एक ठरलेलं असायचं. 'उत्तर नको.' समोरच्याला उत्तराचं ओझं वाटू नये म्हणून. त्याला स्वतःला प्रत्येक उत्तर जुळवायला इतके कष्ट पडायचे की तो दुसऱ्यांना त्यातून आधीच मोकळं करून टाकायचा. मी तरी उत्तर द्यायचोच, आणि त्यालाही ते आवडायचं.

भारतातली तारसेवा बंद झाली तेव्हाची गोष्ट. शेवटचा दिवस १४ जुलै २०१३, रविवार. लोकांनी आठवण म्हणून तारा करायला ठिकठिकाणी रांगा लावल्या होत्या. हा पुण्यात तीन तास रांगेत उभा राहिला आणि मला तार केली. मी तेव्हा त्याच्यापासून चार किलोमीटरवर राहत होतो. मजकूर असा: रविवार आहे. मी बरा आहे. उत्तर नको.

ती तार माझ्याकडे आहे. इतक्यात बाहेर काढलेली नाही.

त्याच्याकडे आणखी एक वही होती, ती त्याने मला एकदाच दाखवली. वाक्यांची वही. 'कोणी आजारी असल्यास', 'कोणाला मूल झाल्यास', 'लिफ्टमध्ये साहेब भेटल्यास'. समोर काय म्हणायचं, किती वेळ डोळ्यांत बघायचं, कुठे हसायचं. चांगली ऐंशी-नव्वद पानं होती. 'जेवलात का? (उत्तर ऐकून घेणे. नाही म्हणाले तर का नाही असे विचारू नये.)' मी वाचता वाचता हसलो आणि मग मला हसू येईना. आपल्याला फुकट मिळालेली गोष्ट हा माणूस रोज पाठ करून, रोज परीक्षेला बसल्यासारखा ऑफिसला जात होता. संध्याकाळी घरी आला की दिवा न लावता तासभर बसून राहायचा.

याला इंग्रजीत मास्किंग म्हणतात, मुखवटा घालणं. तो गेल्यावर मी बरंच वाचलं. दुसरं काय करणार, झोप येत नव्हती. २०१४मध्ये 'लॅन्सेट सायकायट्री'त इंग्लंडमधला एक अभ्यास आला होता. केंब्रिजच्या एका क्लिनिकमध्ये मोठेपणी अस्पर्गरचं निदान झालेली ३७४ माणसं. त्यांतल्या ६६ टक्क्यांनी सांगितलं की जीव देण्याचे विचार आपल्या मनात येऊन गेलेत. २०१६च्या स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात ऑटिस्टिक माणसांमध्ये आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण इतरांच्या कित्येक पट दिसलं, आणि ज्यांची बुद्धी शाबूत, ज्यांचं बाहेरून 'छान चाललंय', त्यांच्यात ते जास्तच. २०१८च्या आणखी एका अभ्यासाने दोन गोष्टींवर बोट ठेवलं: मुखवटा घालून वावरणं आणि हवी ती मदत न मिळणं. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल आम्ही सगळे त्याचं कौतुक करायचो, 'अरे आता कळतसुद्धा नाही तुझ्याकडे बघून', तीच त्याला महागात पडत होती. अर्थात आकड्यांवरून एका माणसाबद्दल काही सिद्ध होत नाही. असा विचार मनात आलेली बहुतेक माणसं जगतात, म्हातारी होतात, हेही तितकंच खरं.

कारण काय, असं मला विचारू नका. एक कारण नसतंच. पण काही गोष्टी घडल्या त्या सांगतो.

२२ जुलै २०२१ला चिपळूणला पूर आला. वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हाची चित्रं तुम्ही पाहिली असतील. त्याच्या घराचा तळमजला पूर्ण पाण्याखाली गेला. काका-काकू वरच्या मजल्यावर होते, वाचले. वह्या खाली, लाकडी कपाटात होत्या. वीस वर्षांच्या. लगदा झाला. ज्या गावात लोकांची दुकानं गेली, माणसं गेली, तिथे वह्यांचं दुःख कोणाला सांगणार? त्याने कोणाला सांगितलंही नाही. चिखल काढायला आठ दिवस राहिला आणि पुण्याला आल्यावर नव्या वह्या आणून आठवणीतून परत लिहायला बसला. मला वाटतं त्यात तो बऱ्यापैकी सावरलाही होता.

दुसरी गोष्ट नोकरीची. एका कंपनीत तो पत्त्यांचा डेटा दुरुस्त करणाऱ्या टीममध्ये होता. याहून योग्य माणूस त्यांना त्रिखंडात मिळाला नसता. लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं, ती त्याची सगळ्यात चांगली दोन वर्षं. मेसेजांत चक्क उद्गारचिन्हं यायला लागली होती. मग २०२२मध्ये परत बोलावलं, नव्या इमारतीत. मोठा उघडा हॉल, आणि कोणालाही ठरलेली जागा नाही. रोज सकाळी जी खुर्ची रिकामी असेल ती. तुम्हा-आम्हाला यात फार तर कुरकुर करण्यासारखं काही असेल. त्याच्यासाठी ते म्हणजे रोज नव्या शहरात, पत्ता नसताना सोडून दिल्यासारखं.

त्याने कोपऱ्यातली एक कायमची खुर्ची मागितली. लेखी. तीन वेळा. दुसऱ्या वेळी प्रमाणपत्र मागितलं, ते त्याने दिलं. उत्तर आलं की सर्वांना समान नियम आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, 'वाजवी सोयी'ची व्याख्या आहे, आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावं असंही लिहिलंय. त्या कंपनीचं धोरण छान रंगीत छापलेलं होतं, लिफ्टशेजारी लावलेलं. तो रोज ते वाचत वर जायचा. मी कोणावर खटला भरत नाहीये. एका खुर्चीने माणूस मरत नाही, एका खुर्चीने वाचला असता असंही मी म्हणणार नाही. पण खुर्ची मागितली होती, आणि ती देण्यासारखी होती, एवढं कुठेतरी लिहिलेलं असावं असं मला वाटतं.

पुढचं भराभर सांगतो. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. एक हवालदार, तसा भला माणूस, त्याने विचारलं, "काही मानसिक होतं का?" मी म्हणालो, ऑटिझम होतं, पण तो आजार नाही, आणि गेले काही महिने त्याला नैराश्यही होतं, ते वेगळं. औषधं चालू होती. त्याने 'मानसिक' असं लिहून घेतलं. फॉर्मवर जागा कमी होती.

'आत्महत्या केली' हा शब्दप्रयोग मला तेव्हापासून टोचतो. त्यात 'हत्या' आहे, म्हणजे गुन्हा आहे. एके काळी होताच तो गुन्हा. प्रयत्न करून वाचलेल्याला जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०९खाली वर्षभराची कैद होऊ शकायची. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसावर तीव्र ताण होता असंच गृहीत धरायला सांगितलं, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते जुनं कलम राहिलं नाही, सरकारी नोकराला अडवण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा उरला. कायदा बदलला, शब्द तोच आहे. 'जीव दिला' म्हणतात तेही मला आवडत नाही. कोणाला दिला? माझ्याकडे तिसरा शब्द नाही, म्हणून वर पहिलाच वापरलाय.

घरी गेलो तेव्हा बाहेर चपला फार नव्हत्या. बारा-तेरा जोड.

एक दूरचे नातेवाईक म्हणाले, "सुटला बिचारा." मी त्यांना काही बोललो नाही, वय झालेलं. पण हे वाक्य मला आजही सहन होत नाही. तो कशातून सुटला? मिसळीतून? एसटीतून? त्याला ४१६ची निम्मी पोस्टं बघायची राहिली होती. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण अशी यादी करून ठेवली होती, गाड्यांच्या वेळांसकट. सुटका हवी होती ती त्या हॉलमधून, त्या आवाजातून, रोजच्या परीक्षेतून. जगण्यातून हवी होती असं मला वाटत नाही, आणि त्या दिवशी त्याला तसं वाटलं असेल तर ते त्या दिवसाचं होतं.

दुःख कसं येतं याची मला मजा वाटते (मजा हा शब्द चुकीचा, पण असो). वर्षश्राद्धाला काही झालं नाही. बँकेचा फॉर्म भरताना 'पिनकोड' अशी सहा चौकोनांची ओळ आली की होतं. कुरिअरवाला फोनवर "सर, पिन सांगा" म्हणतो तेव्हा होतं. मागच्या वर्षी, २०२५मध्ये, रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं ही बातमी वाचली, आणि फोन हातात घेऊन त्याचं नाव शोधेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

अजून एक. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेली. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. कोणाला गरज असेल तर जरूर करा, किंवा शेजारच्यासाठी तुम्ही करा. हे शेवटचं मुद्दाम लिहितोय. कारण त्याला फोनवर बोलता यायचं नाही. घंटा वाजली की त्याचे हात गार पडायचे. असं असणारा एखादा माणूस तुमच्या ओळखीत असेल तर त्याला 'फोन कर' म्हणून सोडू नका, त्याच्या शेजारी बसून तुम्ही नंबर फिरवा. आणि त्याला लिहिता येत असेल तर लिहू द्या.

काकूंचा मला दर रविवारी अकराला फोन येतो. काका आता फारसं बोलत नाहीत. पुरानंतर त्याने लिहिलेल्या नव्या वह्या, पाच, काकूंनी वरच्या मजल्यावर, उंच फळीवर ठेवल्यात. सुरुवातीला आम्ही त्याच्याबद्दल बोलायचं टाळायचो. काकू विचारायच्या भाजी काय केली, मी विचारायचो पाऊस आहे का. आता बोलतो. मध्यंतरी त्यांनी कुठेतरी वाचलं की टपाल खात्याने नवीन डिजिपिन काढलाय (मे २०२५मध्ये आला तो), दहा अक्षरांचा. सगळ्या देशाचे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडलेत आणि प्रत्येक चौकोनाला आपला पिन.

"त्याला आवडलं असतं का रे हे?" काकूंनी विचारलं.

मी जरा विचार केला. "नाही काकू. चिडला असता. गावच राहिलं नाही त्यात, नुसते चौकोन."

"चिडलाच असता," त्या म्हणाल्या. "पत्र लिहिलं असतं त्याने पोस्टमास्तर जनरलला. पानभर."

आणि हसल्या. मग म्हणाल्या, पुढच्या रविवारी बाराला करते, सकाळी बहिणीकडे जायचंय.